नाव चिविनी असो की गावठी क्रॉस, पाठ डॅशचीच

वाचकाचं पत्र

डॉक्टर, आम्ही देवगड तालुक्यातल्या एका गावात राहतो. घर चिऱ्याचं, जोतं उंच, खळ्यातून पडवीत यायला सहा पायऱ्या. मागे हापूसची कलमं, त्याभोवती जुना गडगा, दारात आठ-दहा कोंबड्या. घरात मी, हे आणि माझ्या सासूबाई. त्यांचं वय झालंय, पण घरभर फिरत असतात. आमचा मोती म्हातारा होऊन गेला, तेव्हापासून खळं रिकामं वाटतं. मुंबईच्या मुलाला वाटतं की आता आम्ही छोटा कुत्रा पाळावा. त्याने डॅशच्या, म्हणजे आखूड पायांच्या लांबट डॅशहुंडच्या, क्रॉसचे फोटो पाठवलेत. चिविनी, डॉर्की, डॉक्सल, डॉर्गी अशी नावं आहेत. ब्रीडर सांगतो की क्रॉस असल्यामुळे डॅशसारखा पाठीचा त्रास यांना होत नाही, आणि तो जातीच्या नोंदणीचा पेपरही देणार आहे. इकडे आमच्याच वाडीत एकांच्या डॅश कुत्रीला गावठी कुत्र्यापासून पिल्लं झालीत. ती लोक तशीच देतायत. मुलगा म्हणतो, "आई, ते कसलं पिल्लू, त्याला काही जात आहे का?" कुठलं घ्यावं? आणि आमच्या घराला असा कुत्रा झेपेल का?

— एक वाचक, देवगड

उत्तर

ताई,

उत्तर आधीच देतो: वाडीतली पिल्लं बघायला जा. फोटोतल्या चारांपेक्षा त्यांच्यातलं एखादं तुमच्या घरात जास्त रुळेल असं माझं मत आहे. फुकट मिळतंय म्हणून मी हे म्हणत नाही, आणि गावठी रक्त असलं की आजार शिवतच नाही असंही नाही. माझी कारणं वेगळी आहेत. ती तुम्हाला आणि मुलाला, दोघांनाही पटायला हवीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाडीतलं पिल्लू आणलंत तरी त्याच्या अंगात अर्धा डॅश असणार आहे आणि त्याची तयारी घरात करावी लागणार आहे, तेही यात आलंच.

डॅश हा जर्मनीतला शिकारी कुत्रा. बॅजर नावाचा दणकट, चावरा प्राणी जमिनीखाली बीळ करून राहतो. त्या बिळात शिरायचं, अंधारात त्याला गाठायचं आणि वर उभ्या मालकाला ऐकू जाईल इतक्या जोरात भुंकायचं, हे डॅशचं काम. आखूड पाय, लांब अंग, पुढे आलेली रुंद छाती, उकरायला मजबूत पंजे आणि अंगाच्या मानाने भारदस्त आवाज हे सगळं त्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेलं आहे. बिळात मालक नसतो, निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. डॅशचा हट्टीपणा तिथून आला. हाक ऐकतो, तुमच्याकडे बघतो आणि मग त्याला हवं तेच करतो. पण घरातल्या एका माणसाला जो लळा लावतो, त्याला तोड नाही.

आता पाठीचं. ब्रीडर तुमच्या मुलाला जे सांगतोय ते खरं नाही, आणि एवढ्या एका मुद्द्यावर मला अगदी ठाम बोलायचंय.

पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. उडी मारली, जिना उतरला की धक्का त्या शोषून घेतात. डॅशमध्ये या चकत्या फार लवकर सुकतात. शहाळ्यातली मलई सुकून खोबरं व्हावं तसा आतला लिबलिबीत भाग कडक होतो, आणि हे वर्षाच्या आतच सुरू होतं. मग पुढे कधीतरी, बहुतेकदा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान, सोफ्यावरून मारलेल्या एका साध्या उडीने ती चकती फुटते, आतला कडक ऐवज वर मज्जारज्जूवर दाबतो आणि मागचे पाय लुळे पडतात. साधारण पाचातल्या किंवा चारातल्या एका डॅशला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो.

यामागचं कारण आता नेमकं माहीत आहे. आखूड पायांना कारणीभूत असलेला एक बदल २००९ साली १८ क्रमांकाच्या गुणसूत्रावर सापडला. २०१७ साली १२ क्रमांकाच्या गुणसूत्रावर दुसरा सापडला. तो पायही आखूड करतो आणि मणक्यांतल्या चकत्याही लवकर सुकवतो. हा दुसरा बदल आई किंवा बाप, कुणा एकाकडून आला तरी धोका वाढायला पुरतो. डॅशच्या जातीत तो जवळजवळ सगळ्यांच्यात आहे. म्हणजे आईबापांतला एक अस्सल डॅश असेल, तर पिल्लाला तो मिळाला असंच धरून चालायचं. दुसरा पालक चिवावा असो, यॉर्की असो की वाडीतला लाल्या, यात फरक पडत नाही. त्यात बीगल, कॉर्गी आणि चिवावा या जातींमध्येही हाच बदल सर्रास आढळतो. तिथे पिल्लाला तो दोन्हीकडून मिळू शकतो.

"क्रॉस म्हणजे निरोगी" हे विधान अर्धवट खरं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली २७ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या आणि २४ आनुवंशिक आजार शुद्ध जातींत जास्त की मिश्र कुत्र्यांत, हे पाहिलं. दहा आजार शुद्ध जातींत जास्त निघाले, तेरांमध्ये फरक नव्हता आणि एक मिश्र कुत्र्यांत जास्त होता. मणक्याचा हा आजार त्या पहिल्या दहांत आहे हे मी लपवत नाही. पण तिथले मिश्र कुत्रे म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या रक्ताचे. ज्याची आई किंवा बाप प्रत्यक्ष डॅश आहे त्याला ती सूट लावता येत नाही.

पेपरबद्दल दोनच वाक्यं. केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातींची नोंदणी करतो, क्रॉसची करत नाही. तेव्हा डॉर्कीसोबत 'केसीआय पेपर' मिळणार असेल तर कागद तरी खोटा आहे किंवा पिल्लू तरी. मागायचाच असेल तर मुलाने ब्रीडरकडे वेगळा कागद मागावा: २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे केलेली ब्रीडरची नोंदणी. त्याच नियमांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. पाच आठवड्यांची पिल्लं टोपलीत घालून रात्रीच्या लक्झरीने गावाकडे पाठवणारे लोक आहेत. त्यातली काही माझ्या टेबलावर पार्व्होने, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीच्या आजाराने, मेली आहेत.

आता मुलाने पाठवलेली नावं.

चिविनी म्हणजे चिवावा आणि डॅश. वजन दोनपासून पाच किलोपर्यंत. फ्लॅटमध्ये एका माणसाच्या मांडीवर राहायला उत्तम, मालकावर जीव टाकणारा, अनोळखी माणसाला घरात न येऊ देणारा. पण हाडं नाजूक, गुडघ्याची वाटी सरकण्याची खोड चिवावाकडून येते, लहान जबड्यात दात दाटीवाटीने येतात आणि लवकर किडतात. काही पिल्लांच्या टाळूवर बोट फिरवलं तर हाड न जुळलेली मऊ जागा लागते. तुमच्या खळ्यात एखादा तापट कोंबडा त्याच्या अंगावर गेला तर इजा कोंबड्याला होणार नाही. याच क्रॉसमध्ये करड्या-काळ्या ठिपक्यांची पिल्लं 'रेअर कलर' म्हणून दुप्पट भावाने विकतात. हा ठिपकेदार रंग डॅशमध्ये असतो, चिवावातही असतो. दोन्ही पालक तसे असले तर साधारण चारातलं एक पिल्लू दोन्हीकडून तो रंग घेऊन जन्मतं, आणि अशी पिल्लं बरेचदा बहिरी किंवा आंधळी असतात. फोटोत पांढऱ्याच्या बाजूला झुकणारं, निळ्या डोळ्यांचं पिल्लू असेल तर मुलाला सांगा, रंगावर भुलू नकोस.

डॉर्की, म्हणजे यॉर्कशायर टेरियर आणि डॅश, दिसायला फार गोड. पण यॉर्कीचे केस माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे हे केस कुठून वाळणार? ओल धरतात, गुंता होतो, खाली कातडी लाल होऊन सडते. दर दीड-दोन महिन्यांनी कापायला ग्रूमर लागतो. शिवाय यॉर्कीकडून श्वासनलिका दबण्याचा त्रास येऊ शकतो, म्हणून गळ्यात पट्टा चालत नाही, छातीचा हार्नेस लागतो. पूडल आणि डॅशच्या डॉक्सीपूचीही गत केसांच्या बाबतीत हीच. 'केस गळत नाहीत' ही जाहिरात एकाच वेतातल्या सगळ्या पिल्लांना लागू होत नाही. कुणी पूडलवर जातं, कुणी डॅशवर.

डॉक्सल हा बीगल आणि डॅशचा मेळ. मला स्वतःला हा कुत्रा आवडतो. खेळकर, मुलांमध्ये रमणारा, आठ-दहा किलोचा आटोपशीर. पण दोन शिकारी नाकं एका कुत्र्यात आली की वास लागल्यावर तो निघालाच. कलमांतून कातळावर, कातळावरून पलीकडच्या वाडीत. त्याला अडवायला गडगा पुरत नाही. आणि बीगलचं लांब सुरातलं केकाटणं रात्री अर्धी वाडी ऐकते. लोंबत्या कानांत आपल्या दमट हवेत बुरशी धरते, ते कान आठवड्यातून एकदा तरी पुसावे लागतात. पंचविशीतलं, पळायला तयार असलेलं माणूस घरात असेल तर घ्या. तुमच्याकडे ते नाही.

डॉर्गीला राजघराण्याचं वलय आहे. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या एका कॉर्गीचा त्यांच्या बहिणीच्या, राजकन्या मार्गारेट यांच्या, पिपकिन नावाच्या डॅशशी संबंध आला आणि त्यातून डॉर्गी सुरू झाले. राणींनी ते पुढे अनेक वर्षं पाळले. हुशार, चपळ, सावध कुत्रा. पण दोन्हीकडे आखूड पाय, दोन्हीकडे लांब पाठ. मणक्याच्या दृष्टीने पायऱ्यांच्या घरासाठी मी सगळ्यात शेवटचा पर्याय म्हणून धरेन असा हा क्रॉस आहे. आपल्याकडे खरी कॉर्गी तशी दुर्मीळ, त्यामुळे 'डॉर्गी' म्हणून नेमकं काय विकलं जातंय याचीही खात्री नाही.

बाकीचे चटकन सांगतो, कारण ब्रीडर उद्या तेही पुढे करेल. लॅब्राडॉर आणि डॅश यांचा डॅशाडोर स्वभावाने मवाळ, पण लॅबचं वजन डॅशच्या पायांवर; खादाड असतोच, वजन वाढलं की पाठ आणि खुबा दोन्ही जातात. पग आणि डॅशच्या पिल्लाचं नाक बसकं निघालं तर मे महिन्यातल्या उकाड्यात त्याला श्वास पुरत नाही. जॅक रसेल टेरियरबरोबरचा क्रॉस दिवसभर उंदीर-घुशींमागे धावेल आणि कोंबड्या पहिल्या आठवड्यात संपवेल. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो पॉमबरोबरचा, म्हणजे ज्याला आपण पॉमेरियन म्हणतो त्या भारतीय स्पिट्झबरोबरचा. राखणीला चांगला, भुंकायला कमी नाही, आपल्या हवेला बऱ्यापैकी सरावलेला. पावसात त्याच्या दाट केसांखालची कातडी कोरडी ठेवायची तयारी असेल तर यादीबाहेरचा हा मला यादीतल्या चारांपेक्षा बरा वाटतो.

आणि आता वाडीतलं पिल्लू. मुलाला सांगा, ज्या अर्थाने चिविनीला जात आहे त्याच अर्थाने यालाही आहे. दोन्ही क्रॉस. फरक इतकाच की एकाचा दुसरा पालक मेक्सिकोकडचा आणि दुसऱ्याचा पालक याच मातीतला, इथला पाऊस, ऊन आणि गोचिडी सोसून पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला. कोकणातल्या गावांत लांब अंगाचे, बसक्या पायांचे, उभ्या किंवा अर्ध्या मोडलेल्या कानांचे पिवळट कुत्रे तुम्हीही पाहिले असतील. ते असेच आलेले असतात. डॅश-गावठी पिल्लाचे पाय सहसा अस्सल डॅशपेक्षा थोडे लांब निघतात, केस आखूड असतात म्हणून लवकर वाळतात, नाक लांब असल्यामुळे उन्हात दम कमी लागतो. मणक्याचा धोका एका पालकाकडूनच येतो, दुप्पट होण्याची शक्यता कमी. स्वभावात गावठीची सावधगिरी आली तर सापाला बघून मागे सरकण्याची अक्कलही येते. आली तर. हे पिल्लागणिक बदलतं, त्याची हमी कुणी देऊ नये.

सगळ्यात मोठा फायदा असा की इथे तुम्हाला आई समोर बघता येते. फोटोत ती कधीच दिसत नाही.

बघायला जाल तेव्हा घाई करू नका. आधी त्या डॅश कुत्रीकडे बघा. वय काय, ती कधी अचानक चालायची थांबली होती का, उचलताना कधी केकाटली होती का, हे मालकांना विचारा. तिच्या मागच्या पायांची चाल बघा. नखं जमिनीवर घासत असतील तर लक्षात ठेवा. पाहुण्यांना ती कशी वागते बघा, पिल्लं बरंचसं तिच्याकडूनच शिकतात. मग जमिनीवर बसा आणि पिल्लांना आपणहून येऊ द्या. थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा टाका. दचकून पळणारं आणि दोन क्षणांनी परत हुंगायला येणारं पिल्लू चांगलं. कोपऱ्यात दडून न निघणारं तुमच्या घरी रुळायला वेळ घेईल, आणि भावंडांना सतत दाबणारं कोंबड्यांच्या घरात नको. निवडलेलं पिल्लू एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्या हाताने ढुंगणाखाली आधार देऊन उचला. पुढच्या दोन पायांत धरून लोंबकळत कधीही उचलायचं नाही, आणि ही सवय घरातल्या प्रत्येकाला, येणाऱ्या नातवंडांनाही लावा. हिरड्या गुलाबी आहेत ना बघा, बेंबीवर गाठ आहे का बघा, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर जंत आहेत समजा. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा.

आता तुमचं घर. झेपेल, पण काही गोष्टी पिल्लू येण्याआधी व्हायला हव्यात.

पहिल्या त्या सहा पायऱ्या. दिवसातून वीस वेळा खळ्यातून पडवीत आणि पडवीतून खळ्यात उड्या मारणं हेच अशा पाठीचं मरण आहे. पायऱ्यांच्या एका बाजूला उतार करून घ्या. गवंड्याकडून चिऱ्याचा बांधून घेतलात तर कायमचा होईल, नाहीतर पोफळीच्या फळ्या जोडून त्यावर काथ्याची चटई ठोकलीत तरी चालतं. एक फूट उंचीला निदान तीन फूट लांबी ठेवा, त्याहून उभा केलात तर कुत्रा तो वापरणार नाही. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरणार, तेव्हा ब्लीचिंग पावडरने घासत राहा. घसरून पाय फाकले तरी पाठीला तोच धक्का बसतो. बाकीच्या पायऱ्यांना वर फळी आडवी लावून रस्ता बंद करा. घरात पलंग, खुर्ची, झोपाळा यांवर चढायला शिकवूच नका. पिल्लूपणी मांडीवरून पलंगावर ठेवायचं आणि मोठं झाल्यावर रागवायचं, हे त्याला समजत नाही.

दुसरा गडगा. दगडांच्या सांध्यांत उंदीर, घुशी, मुंगूस आणि त्यांच्यामागे आलेले साप राहतात. डॅशच्या रक्ताचं कुत्रं दगडात नाक खुपसणारच, ती त्याची जन्माची नोकरी आहे. तुमच्याकडच्या कातळावर आणि गडग्यात फुरसं असतं, नाग आणि घोणसही असते. चावा बहुतेकदा नाकावर किंवा पुढच्या पंजावर बसतो. घराजवळचा गडगा, निदान खळ्याला लागून असलेला भाग, सिमेंटने सांधून घ्या, पायथ्याचं गवत काढा, आणि कुत्र्याला कलमांत सोडायचं तर लांब दोरीवर, तुमच्या नजरेसमोर. चावलाच तर चिरणं, आवळून बांधणं, पाला लावणं यांत वेळ घालवू नका. त्याला हलू न देता उचलून गाडीत घाला आणि निघताना डॉक्टरांना फोन करून सर्पविषावरची लस आहे का विचारा. आपल्या देशात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते.

कोंबड्यांचं मी गोड बोलून सांगणार नाही. काही कुत्री शिकतात, काही शेवटपर्यंत शिकत नाहीत. पहिले सहा महिने कोंबड्या मोकळ्या तेव्हा कुत्रा बांधलेला, कुत्रा मोकळा तेव्हा खुराडं बंद. कोंबडीकडे दुर्लक्ष केलं की लगेच सुकटीचा एक तुकडा बक्षीस द्या. एकदा का पिसं तोंडात गेली की पुढचं अवघड आहे.

सासूबाईंसाठी एक साधी गोष्ट करा. हा कुत्रा पायांत घुटमळतो आणि माजघरातल्या अंधारात खाली दिसत नाही. हार्नेसला एक छोटा घुंगरू बांधा आणि रात्री त्याला एका ठरलेल्या जागी, दाराआड, झोपवा. पण घरात झोपवा. मोतीसारखं खळ्यात साखळीला बांधून ठेवू नका. बिबटे वस्तीत येतात ते कुत्र्यांसाठीच, आणि पाच-सात किलोचं बांधलेलं कुत्रं त्याला सहज मिळतं.

पावसाचं तुम्हाला मी काय सांगावं. एवढंच, की याचं पोट जमिनीपासून चार बोटं वर असतं. गवतातली गोचीड, चिखल आणि उंदरांच्या मुतातून साठलेल्या पाण्यात येणारं लेप्टो, सगळं थेट पोटाला लागतं. बाहेरून आला की जुन्या पंच्याने पोट, काखा आणि बोटांची बेचकी कोरडी करायची. गोचिडीचं औषध बारा महिने, पावसाळ्यात एकही महिना चुकवायचा नाही. हिरड्या पांढुरक्या पडल्या, ताप आला, लघवी कॉफीसारखी झाली, तर उद्यावर ढकलू नका, तो गोचीडताप असू शकतो. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, त्यांत लेप्टोचा समावेश असलेलीच लस मागा आणि ती दर वर्षी द्या. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची.

खाण्याबाबत घरातले तिघंही एक व्हा. आजी एक घास, आई एक घास, बाबा एक घास असं करत डॅश गोल होतो आणि जास्तीचा प्रत्येक किलो त्या पाठीवर बसतो. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसू नयेत, एवढं वजन बरोबर. माशाच्या कालवणात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे. वेगळा उकडलेला, काटे काढलेला मासा आणि भात द्यायला हरकत नाही.

आणि पाठीची लक्षणं तुमच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ असावीत. उतार असूनही खाली यायला नको म्हणणं, पाठ कमानीसारखी वर काढून उभं राहणं, उचलताना केकाटणं, मान खाली घालून थरथरत बसणं, मागचे पाय झिंगल्यासारखे पडणं, पंजा उलटा टेकवणं. यातलं काहीही दिसलं की खेळ बंद, चालणं बंद, लहान जागेत कोंडून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर. वेळेत सापडलं तर कित्येक कुत्री औषधं आणि चार ते सहा आठवड्यांची सक्तीची विश्रांती यांवर पुन्हा चालतात. खोबरेल तेलाने पाठ चोळू नका, हाडं बसवणाऱ्याकडे नेऊ नका, घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी अजिबात देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. मागचे पाय पूर्ण लुळे पडले, लघवीवरचा ताबा गेला, तर फळीवर आडवा ठेवून न्यायचं. अशा वेळी मणक्याची शस्त्रक्रिया लागू शकते. तिची सोय तालुक्याच्या दवाखान्यात नसते, मुंबई-पुण्याला जावं लागतं, आणि पायांची संवेदना गेल्यावर पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास फार मोलाचे असतात.

मुलाला काहीतरी द्यायचंच आहे, आणि त्याच्या भावनेचा मान ठेवायला हवा. ब्रीडरला द्यायचे ठरवलेले पैसे त्याने उताराच्या बांधकामाला, लसींना आणि गडगा सांधायला द्यावेत. उरतील ते वेगळे ठेवावेत, अडीअडचणीला रात्रीत गाडी करून मुंबईपर्यंत न्यायला. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांचा नंबर त्याने आत्ताच विचारून तुमच्या भिंतीवर लिहून ठेवावा. ते काम मुंबईत बसून त्यालाच नीट जमेल.

वाडीतल्या मंडळींना आजच निरोप द्या की एक पिल्लू तुमचं, पण आठ आठवडे पुरे होईपर्यंत आईजवळच ठेवा. तोवर गवंडी बोलावून घ्या. आणि त्या डॅश कुत्रीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्यायलाही त्यांना सांगा; तिच्या पाठीला वारंवारचं बाळंतपण सोसायचं नाही, आणि प्रत्येक वेळी तुमच्यासारखं घर मिळेलच असं नाही.